टोचून लिहिलेलं शुभवर्तमान

७ जानेवारी

प्रिय ताई,

तुम्हाला, आणि हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना, आमच्या घराचा सलाम. नर्सबाई, हे नणंद-भावजयीचं बोलणं आहे. कुठे माझी जीभ घसरली तर तेवढी ओळ खोकून घालवा.

ताई, तुमचे बंधुराज परवा तुमच्याकडून परत आले. त्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. बसचं इंजिन कुठे कुरकुरतंय ते डेपोच्या फाटकातून सांगतील, पण बहीण कशी आहे असं विचारलं की "बरी आहे" याच्या पुढे गाडी सरकत नाही. जेवताना त्यांनी एक कापडी पिशवी माझ्याकडे सरकवली. "ताईने दिलंय. म्हणाली, माझ्या आता काय कामाचं." मला वाटलं, स्वेटर असेल. उघडून बघते तर तुमचं शास्त्र, तुमचं बायबल. तेच, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं, कडा तुमच्या बोटांनी काळ्या झालेल्या. मी ताट बाजूला सारलं.

मग बाकीचंही एकेक करून बाहेर पडलं. रविवारची मुलांची शाळा तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलीत. चर्चमध्ये उपासनेला जाणं थांबवलंत. पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा त्यांना चहा दिलात, बिस्किटं दिलीत, आणि त्यांनी "प्रार्थना करू का?" असं विचारल्यावर सरळ "नको" म्हणालात. काचबिंदूने तुमचे डोळे गेले तेव्हा मी रडले होते. पण या "नको"ची मला भीती वाटली.

मी लग्न होऊन आले तेव्हा नोहाचं तारू शास्त्रात पुढे आहे की मागे, तेही मला माहीत नव्हतं. तुम्ही मला शेजारी बसवून शिकवलंत. मी भराभरा वाचून "झालं!" म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचात, "गडबडे, परत वाच." तेच माझं नाव पडलं. आता सासर-माहेर दोन्हीकडे मी गडबडीच आहे. ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच शास्त्र नकोसं व्हावं आणि मी इथे लोकांच्या कोटांना इस्त्री करत गप्प बसावं, हे मला जमणार नाही.

म्हणून एक ठरवलंय. आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानासमोरच्या वाचनालयात ब्रेल शिकवतात. मी नाव घातलंय. ख्रिस्ताची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यांत छोटं मी तुमच्यासाठी ब्रेलमध्ये उतरवणार. तुमच्या शहरातही अंधांचं केंद्र आहे म्हणे. तुम्ही वाचायला शिका, मी लिहायला शिकते. बघू कोण आधी पास होतं.

तुमची,
गडबडी

२१ जानेवारी

गडबडे,

मी सांगतेय आणि नर्सबाई लिहितायत. त्यामुळे अक्षर छान आहे, त्याचं श्रेय मला देऊ नकोस.

हे ब्रेलचं खूळ डोक्यातून काढून टाक. दिवसभर उभी राहून इस्त्री करतेस, घरी गेल्यावर माझा भाऊ आहेच. त्यात ही आणखी भर कशाला? आणि माझी बोटं आता शिकायच्या वयाची राहिली नाहीत. औषधांच्या दुकानात जन्मभर गोळ्यांची पाकिटं फोडून ती निबर झालीत. बटण आणि शेंगदाणा यांतला फरक कळला तरी खूप झालं.

शास्त्र निम्मं तरी मला पाठ आहे. ते विसरता आलं तर बरं, असं सध्या वाटतं. तेव्हा नव्याने हातात देऊ नकोस. पाळकसाहेबांना मी अपमान म्हणून नको म्हटलं नाही. नको होतं म्हणून नको म्हटलं. बाकी मी बरी आहे. (किती बरी ते विचारू नका. नर्सबाई.)

नर्सबाई, कंसात काय लिहिलंत? (काही नाही म्हटलं.)

तुझी,
ताई

ताईंच्या नकळत दोन ओळी लिहिते. रेडिओवर भजनं लागली की त्या उठून रेडिओ बंद करतात, मग परत खुर्चीत येऊन बसतात आणि बोटांनी खुर्चीच्या हातावर तीच चाल वाजवत राहतात. आणि काल मला विचारत होत्या, अंधांच्या केंद्राकडे कुठली बस जाते. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका.

नर्सबाई

४ मार्च

प्रिय ताई,

सोबत पहिली पानं पाठवतेय! तुम्ही नको म्हणालात, पण नणंदेचं सगळंच ऐकायचं असा कुठे नियम आहे?

आधी हे काम कसं चालतं ते ऐका. धातूची एक पाटी असते, तिला बारीक बारीक चौकटी. त्यात जाड कागद अडकवायचा आणि टोचणीने एकेक ठिपका दाबायचा. गंमत अशी की ठिपका उमटतो पलीकडच्या बाजूला. म्हणजे आपण लिहायचं कागदाच्या पाठीवर, तेही उजवीकडून डावीकडे, सगळं उलटं. कागद पालटला की मग सुलटं वाचता येतं. पहिला आठवडा माझं डोकं भणाणून गेलं होतं. एक ठिपका चुकला की अक्षर बदलतं, आणि खोडरबर नाही. तुमच्या या गडबडीला आयुष्यात पहिल्यांदा सावकाश जावं लागलंय.

आणि ताई, सावकाश गेल्यावर काय दिसलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. त्या लुळ्या माणसाची गोष्ट, गर्दीमुळे चौघांनी छप्पर उघडून दोरांनी प्रभूपुढे खाली सोडलेला. किती वेळा ऐकली असेल! दर वेळी माझं मन सरळ शेवटाकडे पळायचं: उठला, खाट उचलली, घरी गेला. या खेपेला पळता येईना. सध्या एका संध्याकाळी जेमतेम चार ओळी होतात. त्यामुळे मी त्या छपरातच अडकले. खाली माती पडत असेल, घरमालक ओरडत असेल, आणि ते चौघे वरून वाकून बघताहेत. मग माझ्या लक्षात आलं की खाटेवरचा माणूस पूर्ण गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. विश्वास ठेवतो म्हणत नाही, बरं कर म्हणत नाही. प्रभूने विश्वास पाहिला, तो त्या दोर धरणाऱ्यांचा.

मी टोचणी खाली ठेवली. हे वाक्य इतकी वर्षं तिथे होतं आणि मी त्याच्यावरून रोज चालत गेले होते. तुम्ही नका बोलू, ताई. तुम्हाला नसेल बोलायचं तर नका बोलू. एक दोर माझ्या हातात आहे.

पानं टपालात चुरगळली तर बरं दिसणार नाही, म्हणून नीट करून पाठवतेय. एकही सुरकुती सापडायची नाही.

तुमची,
गडबडी

२० मार्च

गडबडे,

पाकीट पोचलं. आता एक गुपित फोडते. मी केंद्रात जायला लागलेय. (बस मी दाखवली. नर्सबाई.) तिथल्या सरांना जन्मापासून दिसत नाही आणि कौतुक करायचं हे त्यांना ठाऊकच नाही. सगळी बाराखडी घोटून घेतली माझ्याकडून. तुझं पाकीट मी मुद्दाम तिथे घेऊन गेले. म्हटलं, घरच्या माणसाने लिहिलेलं पहिलं पान वाचू.

बोट ठेवलं, काही नाही. दुसरं पान, काही नाही. मला वाटलं, झालं, माझी बोटं मेली. गेल्या दोन महिन्यांत जे काही कळलं असं वाटत होतं ते सगळं खोटं. मग सरांनी ते कागद हातात घेतले, उलटसुलट चाचपले, नाकाशी नेले आणि म्हणाले, "बाई, याला कुणी इस्त्री केली?"

इस्त्री! गडबडे, तू शुभवर्तमानाला इस्त्री केलीस! छपरावरचे चौघे, खाट, माती, सगळं सपाट! केंद्रातल्या लोकांना कळलं तेव्हा जी हसाहस झाली ती बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. मीही हसले. कधीपासून हसले नव्हते ते हसून झाल्यावर कळलं.

परत लिही. सुरकुत्या असू देत.

ताई

ता.क. दोर धरणाऱ्यांचं जे लिहिलंस ते नर्सबाईंकडून दोनदा वाचून घेतलं. मुलांना शिकवताना मी त्या चौघांची चित्रं रंगवायला द्यायचे आणि पुढे जायचे.

२ जून

प्रिय ताई,

इस्त्रीचा किस्सा बंधुराजांनी डेपोत सांगितलाय. आता मेकॅनिकपासून कंडक्टरपर्यंत सगळे मला विचारतात, "वहिनी, आज काय सपाट केलं?" तुम्ही हसलात ना, मग मला काही वाटत नाही.

आज शेवटची पानं टपालात टाकली. पहिला भाग एप्रिलमध्ये पोचला, दुसरा परवा मिळाला असेल. हा तिसरा. हात बसल्यावर संध्याकाळी चार ओळींच्या जागी दोन-दोन पानं होऊ लागली. म्हणजे झालं, ताई! माझ्या उजव्या तर्जनीला घट्टा पडलाय आणि तो मी येईल त्याला दाखवते.

वादळाच्या गोष्टीपाशी एक सांगायचं राहिलं. प्रभू होडीत झोपलाय, एवढंच मला माहीत होतं. पण लिहिताना शब्द आला, उशी. उशी घेऊन झोपलाय! वारा आणि समुद्र ज्याचं ऐकणार आहेत त्याच्या डोक्याखाली उशी. या उशीचं तिथे काय काम? कुणीतरी त्या होडीत होतं, त्याने ती पाहिली आणि तो ती जन्मभर विसरला नाही, एवढंच काम. मला एकदम ते सगळं खरंखुरं घडलेलं जाणवलं, शेजारच्या खोलीत घडल्यासारखं. त्या दिवशी मी पुढे लिहू शकले नाही.

मधे दोन ठिकाणी मला जरा अडलं होतं, पण ते मी माझ्या परीने निभावून नेलं. तुम्ही आता निवांत वाचा. तुम्हाला त्यातून आधार मिळावा, एवढीच माझी इच्छा आहे.

तुमची,
गडबडी

२५ जून

गडबडे,

हे मी स्वतः टोचतेय. वाक्यं छोटी येतील. बोट दुखतं. पण आता मधे कुणी नाही. नर्सबाईंना हे ठिपके वाचता येत नाहीत. म्हणून खरं बोलते.

डोळे जात होते तेव्हा मी देवाकडे मागितले. रडून मागितले, भांडून मागितले. मुलांना जे शिकवत आले त्यावर विसंबून मागितले. मग एका सकाळी खिडकीची चौकटही दिसेना. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलंय. तुला वाटलं असेल, मी दुःखात आहे. मी रागात आहे. हे नर्सबाईंच्या अक्षरात सांगता आलं नसतं.

तरी तुझी पानं वाचत होते. तुझ्यासाठी म्हणून सुरुवात केली. उशीपाशी मीही थांबले.

मग ती होडी आली. भाकरीवरून बोलणं चाललेलं. शिष्यांना काही उमगत नाही आणि प्रभू विचारतो, अजून कळत नाही का तुम्हाला? मी पान उलटलं. तर एकदम पुढच्या गावांचा रस्ता. लोक मला कोण म्हणतात, हा प्रश्न.

मधला आंधळा कुठे गेला?

मला वाटलं, पान टपालात हरवलं. पानांचे आकडे पाहिले. आकडे सलग. मग मी पुढे गेले, मुद्दाम त्या दुसऱ्यासाठी. शहराच्या वेशीबाहेर, रस्त्याकडेला बसून ओरडणारा. तोही नाही. प्रभू शहरातून निघाला तो सरळ पुढच्या गावी पोचला. आकडे तिथेही सलग.

तू दोघांना काढून टाकलंस. दिसणार नाही म्हणून. आणि खरंच मला दिसत नाही, पण बोटांना कळतं.

का काढलंस ते मला ठाऊक आहे. ते दोघे बरे होतात. मी झाले नाही. तुला वाटलं, ताईला लागेल. अगं, मी हा धडा मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून शिकवायचे. शेवटी रुमाल सोडला की मुलं टाळ्या वाजवायची. माझा रुमाल कुणी सोडला नाही. मला लागणारच होतं. पण लागू द्यायचं की नाही हे तू कोण ठरवणार? मला काय झेपेल ते डॉक्टर ठरवतात, भाऊ ठरवतो, रस्ता ओलांडताना अनोळखी माणसं दंडाला धरून ठरवतात. आता तूही. मला एकदा विचारायचंस.

त्या रस्त्यावरच्या आंधळ्याला गर्दीने काय सांगितलं होतं, आठवतं? तो ओरडत होता तेव्हा? गप्प बस, म्हणाले. लोकांना त्याची लाज वाटली असेल, किंवा कीव आली असेल. गडबडे, तू त्या गर्दीत उभी आहेस.

ताई

३ ऑगस्ट

प्रिय ताई,

हेही टोचूनच लिहितेय, मधे कुणी नको. तुमचं पत्र मी दुकानातच वाचलं. शेवटच्या ओळीशी आले तेव्हा हातात वाफेची इस्त्री होती. मालक ओरडले म्हणून कुणाचा तरी कोट वाचला.

इतके दिवस उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते. तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. लिहिता लिहिता मी पहिल्या आंधळ्यापाशी आले, माझा हात थांबला, आणि मी ठरवलं की ताईंना हे नको. पुढे दुसऱ्यापाशी तर थांबलेही नाही. मला ते प्रेम वाटत होतं. आता कळतंय, मला तुमच्या रागाची भीती होती. आणि देवाचीही बाजू सांभाळून घ्यावी, असं कुठेतरी वाटत होतं. त्याने तुमचे डोळे दिले नाहीत याबद्दल मीच तुमच्यापुढे खजील होते. मी, इस्त्रीवाली, देवाची अब्रू झाकायला निघाले होते!

मग मी पाटी काढली आणि त्या दोघांना त्यांच्या जागी लिहायला बसले. सोबत ती पानं आहेत. पण लिहिताना जे झालं ते सांगितलंच पाहिजे.

मला नेहमी वाटायचं, शास्त्रात आपण असलो तर कुठे असू? दोर धरणाऱ्यांत मी स्वतःला लगेच बसवलं होतं, आठवतंय ना? चांगली जागा होती. आणि आता मी एकेक ठिपका दाबत होते, "गप्प बस" म्हणणारी माणसं लिहीत होते, आणि तो माझाच आवाज होता. मी जे सहा महिने हाताखाली धरून बसले होते, त्यात मी आधीपासूनच होते, नुसती मला दिसत नव्हते. ताई, मी घाबरले. पण ती भीती वेगळी होती. एखाद्या फार मोठ्या घरात आपण चुकून शिरावं आणि आतून कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी, तशी.

मग पहिला आंधळा. प्रभू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडं चालत असल्यासारखी. खोटं नाही बोलत. बरा झालो, उपकार झाले, असं म्हणून निघून जात नाही. अर्धवट दिसतंय, असं प्रभूच्या तोंडावर सांगतो. आणि प्रभू रागावत नाही, परत हात ठेवतो. ही गोष्ट मी गाळली तेव्हा त्या जागी काय तुटलं ते आता समजलं. तिच्या आधी होडीत शिष्यांना काही कळत नाही. तिच्यानंतर त्यांच्यातला एक जण बरोबर उत्तर देतो, तू ख्रिस्त आहेस म्हणतो, आणि लगेच असं काही बोलून बसतो की प्रभूला त्याला दटावावं लागतं. त्यालाही झाडंच दिसत होती! मधला आंधळा काढला की मागचं-पुढचं काहीच उलगडत नाही.

ताई, मला तुम्ही झाडासारख्या दिसत होतात. पाणी घालायचं, ऊन लागू द्यायचं नाही, आणि विचारायचं काही नाही. माझ्यावर परत हात ठेवायला हवा आहे.

एक शेवटचं. तीच गर्दी पुढच्या ओळीत बदलते, हे तुम्ही मला लिहिलं नाहीत. प्रभू थांबतो, आणि ज्यांनी गप्प बसवलं त्यांनाच सांगतो, त्याला बोलवा. मग तेच लोक त्याच्याकडे जाऊन म्हणतात, धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतोय. गर्दीला हे एवढं काम मिळालं. मला तेवढं तरी करू द्या.

उठा ताई. तो तुम्हाला बोलावतोय.

गडबडी

२९ ऑगस्ट

प्रिय गडबडे,

पानं मिळाली. सुरकुत्यांसकट. टपालवाला गेल्यावर दार लावलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. नर्सबाई कामावर होत्या. बरं झालं.

आधी पहिला वाचला. झाडांपर्यंत पोचायला मला वेळच लागला, कारण सुरुवातीलाच अडले. प्रभूने त्या आंधळ्याचा हात धरला आणि त्याला गावाबाहेर नेलं. हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही. बरं करणं महत्त्वाचं, चालणं काय! पण मला आता रोज कुणीतरी हाताला धरून नेतं, त्यामुळे मला कळतं. आंधळ्याला न्यायचं तर त्याच्या पावलाने चालावं लागतं. पायरी आली की थांबावं लागतं, सांगावं लागतं. घाई करणारा माणूस त्याला पाडतो. गडबडे, ज्याने आकाश पसरलं तो त्या गावाच्या गल्लीतून एका आंधळ्याच्या पावलाने चालला. आणि त्या वेळी त्या माणसाला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बरा होण्याच्या आधीच देव त्याच्या हातात होता.

मी हात टेबलावर तसाच ठेवून बसले.

मग रस्त्याकडेचा. तुझ्या गर्दीतून वाट काढत गेले. (आता राग नाही. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर तू रडशील आणि कुणाचा तरी कोट खरंच जाळशील.) तो ओरडतो. प्रभू थांबतो. तो झगा टाकून उडी मारून उठतो. आणि मग प्रश्न येतो. तुझ्यासाठी मी काय करू?

त्या ओळीवर बोट गेलं आणि मला वाटलं, हे ठिपके मी आत्ताच कुठेतरी वाचलेत. एक-दोन अक्षरं सोडली तर तेच, त्याच क्रमाने. डोळ्यांनी वाचताना हे कधी जाणवलं नव्हतं. मी तुझी जुनी पानं काढली आणि मागे मागे चाचपत गेले. सापडलं. थोडंच आधी ते दोघे भाऊ येतात, मानाच्या जागा मागायला. त्यांनाही प्रभू हाच प्रश्न विचारतो. एक पान या हाताखाली, एक त्या हाताखाली. शिष्यांना आणि भिकाऱ्याला एकच प्रश्न. त्या दोघांना सिंहासनाशेजारी बसायचं होतं. याला फक्त बघायचं होतं. आणि याने डोळे मिळाल्यावर काय पाहिलं? प्रभूचा रस्ता पाहिला आणि त्या रस्त्याने चालू लागला.

इतकी वर्षं मी हे शास्त्र शिकवलं. मला वाटायचं, मला ते येतं. गडबडे, मी दारात उभी होते. दारात उभी राहून मुलांना सांगत होते की घर फार छान आहे. किती खोल्या आहेत आत, मला काय माहीत! आता एकेका ठिपक्याने आत जातेय.

रविवारच्या शाळेत मी हा प्रश्न कधी थांबू दिला नाही. "मग त्याने काय मागितलं, मुलांनो?" मुलं ओरडायची, "डोळे!" आणि आम्ही टाळ्यांकडे पळायचो. आज माझ्यापाशी टाळ्या नव्हत्या. नुसता प्रश्न होता, बोटाखाली. आंधळ्याला काय हवंय हे कुणालाही दिसेल, मग विचारायचं कशाला? पण त्याने विचारलं. मला काय हवंय हे सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. मीसुद्धा. मी त्याला मागणं सांगत होते आणि उत्तर काय यायला हवं तेही सांगत होते. त्याला मला काही विचारायचं असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आज मी ते वाक्य वाचलं आणि पुढे गेले नाही. पुढची ओळ त्या माणसाची आहे. ती माझ्या जागी त्याने का बोलावी?

मला अजून डोळे हवेत. हे लपवत नाही. पण बोट तिथे ठेवल्यावर लक्षात आलं की आणखीही काही हवंय, आणि त्याला नाव सापडत नाहीये. खुर्ची मागे सरली, मी उभी राहिले कधी ते कळलं नाही. चहा तसाच गार होत होता. मी तोंड उघडलं. खिडकीची चौकट दिसेनाशी झाली त्या सकाळनंतर पहिल्यांदा. "प्रभू," एवढंच म्हटलं. पुढचे शब्द येईनात.

पण गडबडे, तो थांबलाय.

तुझी,
ताई